चौदा तारखेभोवतीचा गोल

"मॅडम, आमच्यात संवादच उरलेला नाही." समुपदेशक म्हणून हे वाक्य मी आठवड्यातून किमान दोनदा ऐकते, कधी नवऱ्याकडून, कधी बायकोकडून, कधी दहावीतल्या मुलाच्या आईकडून. 'दिवसातून किती वेळ बोलायला हवे,' हा प्रश्न त्यामागोमाग ठरलेलाच असतो. त्याचे उत्तर देण्याऐवजी एका जोडप्याची हकिकत सांगते. नावे आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

माधुरीताई सकाळच्या शाळेत शिक्षिका, तर सुनीलराव एमआयडीसीतल्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. त्या पावणेसातला घर सोडतात तेव्हा ते झोपलेले असतात आणि ते रात्री साडेबाराला येतात तेव्हा त्या. त्यामुळे घरचा सगळा कारभार स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर चालत असे: दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, क्लासची फी, पाणी न येण्याचा वार.

"ह्यांना माझं काही पडलेलंच नाही," ही माधुरीताईंची तक्रार होती. सुनीलरावांचे म्हणणे वेगळे होते. "प्रत्येक गोष्ट बोलूनच दाखवायची का? माणसाला कळायला नको?" त्यांच्या कंपनीतल्या एका प्रशिक्षणात त्यांना सांगितले गेले होते, की संवादात शब्दांचा वाटा फक्त सात टक्के असतो, बाकी सारे आवाज आणि चेहरा. हा आकडा मला वरचेवर भेटतो, आणि दर वेळी मी त्याच्याशी भांडते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून शब्द 7, आवाज 38 आणि चेहरा 55 टक्के हे आकडे आले खरे. पण ते प्रयोग समोरच्याला आपण आवडतो की नाही, एवढ्याच भावनेपुरते होते आणि त्यांत सुटे शब्द वापरलेले होते. औषध किती वाजता घ्यायचे हे चेहऱ्यावरून कोणालाच सांगता येत नाही.

सुरुवातीला मीही चुकलेच. रोज वीस मिनिटे समोरासमोर बसून बोला, असा साचेबंद गृहपाठ मी त्यांना दिला. दोघांनी तो रविवारी इमानेइतबारे केला आणि वीस मिनिटे क्लासच्या फीवर चर्चा करून उठले. तेव्हा मी त्यांना गेल्या महिन्याचे कालनिर्णयचे पान घेऊन यायला सांगितले.

पान टेबलावर पसरले. सगळ्या चौकटींत बारीक अक्षरांत काही ना काही खरडलेले होते. चौदा तारखेभोवती मात्र निळ्या पेनाने नुसता एक गोल होता, दोनदा गिरवलेला.

"हा कशाचा?" मी विचारले.

"सिलिंडरचा असेल," माधुरीताई म्हणाल्या.

सुनीलराव बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. "तुझा रिपोर्ट होता ना त्या दिवशी."

माधुरीताईंच्या छातीतल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल त्या संध्याकाळी मिळायचा होता. सुदैवाने त्यात काळजीचे काही निघाले नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"ताईंशी फोनवर बोलत होतीस, तेव्हा ऐकलं. पाळी बदलून घेतली होती मी."

"मला वाटलं, बदली सुट्टी असेल. घरात होतात, आणि मी एकटी रिक्षानं गेले!"

"तू चल म्हणाली नाहीस. मला वाटलं, तुला मी बरोबर नको असेन."

यानंतर किती तरी वेळ खोलीत कोणीच बोलले नाही, आणि मीही मध्ये पडले नाही. अशा वेळी गप्प बसणे हे या व्यवसायात मी सर्वांत उशिरा शिकलेले कौशल्य आहे.

माणसाला संवाद न करणे शक्यच नसते, असे मानसशास्त्रज्ञ पॉल वॉट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मांडले. माझी सारी भिस्त आजही त्या विचारावर आहे. या घरात संवाद आटलेला नव्हता, तो अखंड चालू होता. घरी थांबूनही न विचारणे हे एक विधान होते आणि न बोलावता निघून जाणे हे दुसरे. दोघांनीही ते ऐकले आणि दोघांनीही चुकीचे वाचले. त्या दिवशी मला जे उमगले ते पुस्तकात मला सापडले नव्हते. शब्द स्पष्ट असतात म्हणून ते लागतात असे नाही. शब्दांना उलट प्रश्न विचारता येतो म्हणून ते लागतात. गोलाला 'म्हणजे काय?' असे कोण विचारणार?

म्हणून आता येणाऱ्यांना मी मिनिटे मोजायला सांगत नाही, बोलणे कशासाठी होते ते पाहायला सांगते. आपण माहिती देतो, काम सांगतो, मन मोकळे करतो, आणि कित्येकदा नुसती सोबत करतो. या शेवटच्या प्रकाराकडे मालिनोवस्की या मानवशास्त्रज्ञाने 1923 मध्ये लक्ष वेधले होते. दुपारी गल्लीत 'काय, झालं का जेवण?' असे विचारणाऱ्याला आपल्या ताटात काय होते हे जाणून घ्यायचे नसते. संसारात पहिले दोन हेतू तेवढे टिकून राहतात, कारण त्यांच्यावाचून घर अडते. उरलेल्या दोहोंवाचून लगेच काही अडत नाही.

या दोघांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. कालनिर्णयवर रोज एक ओळ अशी लिहायची जिच्यात काम नाही. आणि समोरच्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावलाच, तर तो त्याला ऐकवून 'बरोबर आहे का?' असे विचारायचे. पहिली ओळ सुनीलरावांची होती: 'आमटी खारट होती.' ती तक्रार की ओळ, यावर एक अख्खे सत्र खर्ची पडले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी लिहिले, 'काल कारखान्यात मोर आला होता.' त्या रात्री माधुरीताई साडेबारापर्यंत जाग्या राहिल्या, मोर नेमका कुठून आला ते विचारायला.

शेवटच्या सत्रात ते जुने पान मी त्यांच्या कागदपत्रांत ठेवून घेण्याची परवानगी मागितली. माधुरीताईंनी ते घडी घालून पर्समध्ये टाकले. दूधवाल्याशी सहा खाड्यांचा वाद अजून मिटायचा होता.