वाचकांचे प्रश्न : स्वस्त बासरी घ्यावी का?

प्रश्न : मी ५६ वर्षांचा असून दोन वर्षांत निवृत्त होईन. बासरी शिकण्याची इच्छा लहानपणापासूनची आहे. गेल्या वर्षी यात्रेत एका विक्रेत्याकडून १२० रुपयांना बासरी घेतली. त्याने स्वतः एका जुन्या चित्रपटगीताची धून अशी वाजवली की भोवती गर्दी जमली. माझ्या बासरीतून मात्र खालचे तीन-चार स्वर निघतात आणि वरचे स्वर एक तर निघतच नाहीत, नाही तर किंचाळतात. ओळखीचे एक वादक म्हणतात की ही बासरी ठेवून द्या आणि सहा हजारांची मोठी बासरी घ्या. मला मैफल करायची नाही. संध्याकाळी गच्चीवर बसून चार भजने वाजवता आली तरी पुरे. एवढ्यासाठी इतका खर्च करावा का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सहा हजार रुपये खर्च करण्याची आपल्याला गरज नाही, पण १२० रुपयांची ती बासरीही बहुधा आपल्या उपयोगाची नाही. यातला दुसरा भाग आधी पाहू, कारण यात्रेतल्या विक्रेत्याने आपल्याला फसवले असे आपल्या मनात असेल तर ते तितकेसे खरे नाही. बासरीचा स्वर केवळ भोकांवर ठरत नाही. मुखरंध्र (फुंक घालायचे भोक) ओठांनी किती झाकले आहे, फुंकेचा कोन काय आहे आणि जोर किती आहे, यांवर तोच स्वर चांगला पाव स्वर वर किंवा खाली सरकतो. वर्षानुवर्षे बासऱ्या विकणाऱ्या माणसाचा कान आणि ओठ हे सगळे नकळत सांभाळून घेतात, त्यामुळे बेसूर बासरीही त्याच्या हातात सुरात बोलते. (शिवाय तो वाजवतो ती बासरी त्याने शेकडोंतून निवडून स्वतःकडे ठेवलेली असते, हेही लक्षात असू द्यावे.) नवशिक्याजवळ हे कौशल्य नसते. त्याहून मोठी अडचण ही की स्वर चुकला तर चूक आपली की बासरीची हे त्याला कळत नाही आणि तो दोष स्वतःला लावून घेतो. म्हणून माझे मत असे आहे की सदोष वाद्य मुरलेल्या वादकाने वापरले तर चालते, नवशिक्याने वापरू नये. व्यवहारात नेमके याच्या उलट घडते.

अशा बासऱ्या बेसूर का निघतात, हे त्या घडतात कशा यावरून समजते. उत्तर प्रदेशातील पिलिभीत हे बासरीच्या कारागिरांचे जुने गाव आहे, पण तिथला बांबूसुद्धा आसाममधून, सिल्चरच्या परिसरातून येतो. पातळ भिंतीचा आणि दोन गाठींमध्ये लांब पेर असलेला बांबू बासरीला लागतो. तापवलेल्या सळईने त्याला भोके पाडतात. कोणत्याही दोन बांबूंची पोकळी सारखी नसते. एक जरा रुंद, दुसरा एका टोकाला निमुळता, तिसऱ्याची भिंत जाड. त्यामुळे एका बासरीचे माप दुसरीला जसेच्या तसे लागू पडत नाही. चांगला कारागीर प्रत्येक भोक आधी लहान पाडतो, वाजवून पाहतो, कानाने किंवा ट्यूनरवर (स्वर मोजण्याच्या यंत्रावर) स्वर तपासतो आणि मग ते थोडे थोडे मोठे करत स्वर वर आणतो. भोक एकदा प्रमाणाबाहेर मोठे झाले की स्वर चढतो आणि तो खाली आणणे जवळजवळ अशक्य असते. ती बासरी वाया जाते. यात्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या बासऱ्यांना एकाच मापाने घाऊक भोके पाडलेली असतात आणि एकेक बासरी सुरात लावायला कोणी बसलेले नसते. थोडक्यात, आठ-नऊशे रुपयांच्या बासरीत आपण मोबदला देतो तो मुख्यतः कारागिराच्या कानाचा आणि वेळेचा. रंगीत दोरे, नक्षी, चकचकीत पॉलिश यांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. टोकांशी घट्ट गुंडाळलेला दोरा मात्र शोभेचा नसतो. बांबू चिरू नये म्हणून तो लागतो.

आता सहा हजारांच्या बासरीविषयी. शास्त्रीय वादनासाठी आज वापरतात ती सुमारे ३० इंचांची लांब बासरी पं. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी रूढ केली. ख्यालगायकीचे गांभीर्य आणि मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला विस्तार लहान बासरीत मावेना, म्हणून त्यांनी वाद्याची लांबी वाढवली. एवढे लांब, मध्ये गाठ नसलेले सरळ पेर बांबूच्या बेटात क्वचितच मिळते आणि मोठ्या बासरीची किंमत वाढते त्याचे हे एक मोठे कारण आहे. तेव्हा किंमत जास्त म्हणजे नवशिक्यासाठी बासरी अधिक चांगली, असा अर्थ काढू नये. उलट मोठ्या बासरीची भोके दूर दूर असतात. ती बोटांच्या टोकांनी झाकता येत नाहीत, मधल्या पेरांनी झाकावी लागतात. ५६व्या वर्षी पहिल्यांदाच हा ताण घेतला तर अनामिकेखालून हवा निसटते आणि आपण म्हणता तशी किंचाळी ऐकू येते. आपल्या भजनांसाठी १८ ते २४ इंचांची मध्यम बासरी योग्य ठरेल. पेटीच्या (हार्मोनियमच्या) पट्ट्यांच्या भाषेत सांगायचे तर पांढरी एक किंवा पांढरी पाच. नावाजलेल्या कारागिराची अशी बासरी आज साधारण ८०० ते २,००० रुपयांत मिळते. एका साधारण पेटीच्या किमतीत अशा बासऱ्यांचा संच येईल. भारतीय वाद्यांमध्ये इतक्या कमी पैशांत उत्तम दर्जा देणारे दुसरे सुरेल वाद्य मला तरी माहीत नाही.

विकत घेताना आपल्या ओळखीच्या वादकांना सोबत न्यावे, पण त्यांना ‘काहीतरी वाजवून दाखवा’ असे सांगू नये. चांगले वादक काय करतात ते वर सांगितलेच आहे. त्यांना विनंती करावी की बासरी न फिरवता, ओठ न हलवता सहाही भोके बंद करून मंद्र पंचम (खालचा प) वाजवावा आणि मग केवळ फुंक बारीक व वेगवान करून त्याच बोटांनी मध्य पंचम काढावा. वरची तीन भोके बंद करून मध्य षड्ज (मधला सा) आणि तार षड्ज (वरचा सा) यांचेही तसेच करून पाहावे. फोनवर तानपुऱ्याचे ॲप चालू ठेवले तर खालचा आणि वरचा स्वर एकमेकांत मिसळतात की भांडतात, हे आपल्यालाही ऐकू येईल. वरचा स्वर सरळ फुंकेत जुळत नसेल तर ती बासरी घेऊ नये, कारण एखादे भोक कमी-जास्त असले तर कारागीर काही करू शकतो, पण पोकळीच वाकडी असेल तर इलाज नसतो. मुखरंध्राची कड स्वच्छ असावी, जळून खडबडीत झालेली नसावी. बासरी उजेडाकडे धरून आतून पाहिल्यास चीरही दिसते. ट्यूनरवर काटा चार-पाच सेंट इकडे-तिकडे असला तर मात्र विक्रेत्याशी वाद घालू नये. एक अर्धस्वर १०० सेंटचा असतो. थंड सकाळी बासरी थोडी उतरलेली आणि मे महिन्याच्या दुपारी थोडी चढलेली असणारच.

एक शक्यता मात्र नाकारता येत नाही. वरचे स्वर न निघणे हा प्रत्येक वेळी बासरीचाच दोष नसतो. ओठांची फट मोठी राहिली तर चांगल्या बासरीतूनही पहिले काही आठवडे तार सप्तक निघत नाही. आपली १२० रुपयांची बासरी त्या वादकांच्या ओठांना वरील कसोटीत उतरली, तर नशीब समजून तीच वापरावी. घाऊक मालात एखादी बासरी योगायोगाने सुरात लागलेली असते.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीला बासरी हवी आहे. घरात प्लॅस्टिकची तोंडात धरून वाजवायची पिपाणीसारखी बासरी आहे आणि एका दुकानदाराने पीव्हीसी नळीची आडवी बासरी ३०० रुपयांना दाखवली. प्लॅस्टिकवर शिकून हात बिघडतो का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : हात बिघडत नाही. तोंडात धरून वाजवायची ती बासरी म्हणजे आपल्याकडच्या अलगुजाच्या जातीची. तिच्यात फुंक घातली की स्वर आपोआप निघतो. सुरांची गोडी लागण्यासाठी ती ठीक आहे, पण आडव्या बासरीत जे सर्वांत अवघड, म्हणजे ओठांनी फुंकेला आकार देणे, ते तिच्यावर शिकता येत नाही. पीव्हीसी बासरीला नाके मुरडण्याची पद्धत आहे आणि तिच्या स्वरात बांबूची ऊब नसते हे खरेच. तरीही नळीची पोकळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी असल्यामुळे एकदा बसवलेले माप प्रत्येक नळीला लागू पडते. म्हणून ३०० रुपयांची पीव्हीसी बासरी त्याच किमतीच्या बांबूच्या बासरीपेक्षा पुष्कळदा अधिक सुरात असते. ती पडली तरी फुटत नाही आणि साबणाच्या पाण्याने धुता येते. भोकांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या आहेत ना आणि मुलीची बोटे सगळी भोके न ताणता झाकतात ना, एवढे पाहून खुशाल घ्यावी. तिने वर्षभर ती टाकून दिली नाही तर मग बांबूची घ्यावी. संगीताच्या परीक्षांना बसवायचे असले तरी त्याआधी घाई नको.

प्रश्न : मी पाच वर्षे जर्मनीत राहते. पुण्याहून आणलेली चांगली बासरी पहिल्याच हिवाळ्यात चिरली. पुन्हा महाग बासरी आणावी, की इथे ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त बासरीवर भागवावे? तिथे ‘सी’ असे लिहिलेले असते. माझी जुनी बासरीही सीचीच होती.

उत्तर : नावाचा घोटाळा आधी सोडवू, नाही तर पैसे वाया जातील. आपल्याकडे वरची तीन भोके बंद केल्यावर जो षड्ज निघतो त्यावरून बासरीची पट्टी सांगतात. पाश्चात्त्य पद्धतीत पुष्कळदा सगळी भोके बंद असतानाचा स्वर सांगतात आणि आपल्या बासरीवर तो पंचम असतो. ‘सी’ म्हणजे पांढरी एक. त्या हिशेबाने ‘सी’ म्हणून घेतलेली बासरी आपल्या दृष्टीने पांढरी चार निघेल आणि जुन्या साथीत जुळणार नाही. तेव्हा विक्रेत्याला ‘तीन भोके बंद केल्यावर कोणता स्वर?’ एवढेच विचारावे. त्याला उत्तर देता आले नाही तर त्याच्याकडून खरेदी करू नये.

चिरण्याचे कारण बासरीच्या किमतीत नाही, हवेत आहे. हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते, बांबू बाहेरून आक्रसतो आणि आतून फुंकेच्या वाफेने ओलावतो. या ओढाताणीत तो लांबीच्या दिशेने तडकतो. विदर्भ-मराठवाड्यात हेच एप्रिल-मे महिन्यांत घडते. स्वस्त बासरी घेतली तर तीही अशीच चिरेल, फक्त वाईट कमी वाटेल. माझा सल्ला असा की हिवाळ्यात रोजच्या रियाजाला पीव्हीसीची बासरी ठेवावी आणि बांबूची बासरी बंद पेटीत, हीटर आणि खिडकी या दोहोंपासून दूर ठेवावी. महिन्यातून एकदा काडीला मऊ कापड गुंडाळून आतून बदामाच्या किंवा मोहरीच्या तेलाचा हलका हात फिरवावा. मुखरंध्राजवळ आत बसवलेल्या बुचाला तेल लागू देऊ नये, ते सैल होऊन सरकले तर सप्तकांचा मेळ बिघडतो. थंड बासरी थेट जोरात फुंकू नये, पाच मिनिटे हातात धरून कोमट होऊ द्यावी. जुनी चिरलेली बासरी मात्र टाकू नये. चीर भोकांपर्यंत पोहोचली नसेल तर ती गोंदाने भरून त्यावर नायलॉनचा दोरा ओला न करता घट्ट, एकाला एक लागून गुंडाळावा. अशी बांधलेली बासरी पुढे कितीतरी वर्षे वाजते.