ठोका नव्हे, टिचकी

प्रश्न असा : तात्पुरता पेसमेकर लावलेल्या रुग्णाच्या छातीत पहिल्या हृदयध्वनीच्या किंचित आधी कधी कधी एक बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकू येतो. त्याला 'जादा ठोका' म्हणावं का?

मुळीच नाही. छातीतून आलेल्या प्रत्येक आवाजाला 'ठोका' म्हणायची खोड सोडा. ठोका म्हणजे हृदयाचं एक अख्खं आवर्तन; त्यात झडपा मिटल्याचे दोन आवाज येतात. 'जादा ठोका' म्हणजे अवेळी पडलेला ठोका, ती गोष्टच निराळी. हा आवाज तर बहुधा हृदयाचा नसतोच. पेसमेकरचा विजेचा प्रवाह बरगड्यांमधल्या स्नायूंना किंवा श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, लागतो आणि ते झटकन आखडतात. पेसमेकरच्या हृदयात सोडलेल्या तारेचं टोक उजव्या निलयाच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याच्या, भिंतीत घुसून पार गेल्याची ती खूणही असू शकते, म्हणून डॉक्टर त्याकडे काणाडोळा करत नाहीत. त्याला 'टिचकी' म्हणा.

शब्दांची खरी गंमत आहे ती 'नाडी' आणि 'धमनी'त! 'नड' म्हणजे बोरू. त्यातून नाडी, नाळी आणि आपली नळी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, १३५व्या सूक्ताच्या अखेरीस, यमाच्या घराचं वर्णन येतं : 'इयमस्य धम्यते नाळीः'. त्याची ही बासरी फुंकली जाते. धम् म्हणजे फुंकणं, तोच धमनीचा धातू. एका चरणात दोन्ही! चरकसंहितेचं सूत्रस्थानही (अध्याय ३०) हेच सांगतं : 'ध्मानाद्धमन्यः'. चरकाचे टीकाकार चक्रपाणिदत्त यांनी मात्र इथे ध्मान म्हणजे 'पूरण', भरणं, असा अर्थ लावून शब्दातली फुंकरच काढून घेतली. टीकाकार कितीही थोर असोत, हे मला साफ अमान्य आहे. ऋग्वेदातच (२.११.८) 'धमनि' शब्द नादाच्या अर्थाने आलेला असताना भरण्याची ओढाताण कशाला? माझं ठाम मत आहे की नाव ठेवणाऱ्यांनी या वाहिन्या आधी कानाने ओळखल्या. १८१६ साली स्टेथोस्कोपचा जनक, फ्रेंच डॉक्टर लेनेक याने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तेव्हा त्यानेही नळीतूनच हृदय ऐकलं.

हो, आणखी एक. पेसमेकरची तार उजव्या निलयात असली की डावं निलय मागाहून आकुंचन पावतं. मग फुप्फुसधमनीची झडप महाधमनीच्या झडपेआधी मिटते आणि दुसरा ध्वनी श्वास सोडताना दुभंगलेला ऐकू येतो. त्यालाही 'ठोका चुकला' म्हणणारे आहेत. तिथे ठोका एकही चुकलेला नसतो.