गेममधल्या लेव्हलसारखी पद्धत रोजच्या सवयींना लावली तर खरंच फरक पडतो का?

पडतो, पण पॉइंट्समुळे नाही. गेमची पहिली लेव्हल दोन मिनिटांत पार होते आणि पुढची जराशीच अवघड असते, खरी गंमत त्यात आहे. आपण मात्र १ जानेवारीला थेट शेवटच्या बॉसशी, म्हणजे गेममधल्या सगळ्यात तगड्या शत्रूशी भिडतो: पहाटे पाचला उठून १०८ सूर्यनमस्कार. चौथ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि गेम ओव्हर.

मी दोन नमस्कारांपासून सुरुवात केली. लाज वाटावी इतके कमी! सलग सात दिवस झाले की एक वाढवायचा, एवढाच नियम. नोंद स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी. (बायकोने एकदा माझ्या फुल्या खाडे समजून दूधवाल्याशी हुज्जत घातली, ते सोडा.) आज बारावर आहे. मध्ये दिवस चुकला तर एक नमस्कार कमी करून पुढे चालू. गेममध्येही आपण शेवटच्या सेव्हपासून खेळतो, पहिल्यापासून नाही.

ॲपच हवं असेल तर हॅबिटिका बघा, त्यात तुमच्या रोजच्या कामांचाच गेम होतो आणि तुम्ही त्यातलं एक पात्र. २०१३ साली ते हॅबिटआरपीजी या नावाने आलं. रोजचं काम चुकलं की तुमच्या पात्राची हेल्थ घटते, शून्यावर गेली की एक लेव्हल खाली. टाळलेलं काम हळूहळू लाल होतं आणि ते केलं की बक्षीस जास्त, हे मला फार आवडलं. गोची एकच: कामं तुम्हीच लिहिता, टिकही तुम्हीच करता. 'पाणी प्यायलो'वर नाणी कमावत बसलात तर पात्र तिसाव्या लेव्हलला आणि तुम्ही सोफ्यावरच.