नुकसान कोणाच्या पदरात?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

लॅटिन वचनं पाठ होतात, व्याख्या तोंडावर आहेत, पण सोडवायला प्रश्न समोर आला की पेन पुढे सरकत नाही, असं तू लिहिलं आहेस. अपकृत्य कायदा, म्हणजे एकाच्या वागण्याने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई कुणी द्यायची ते ठरवणारा दिवाणी कायदा (टॉर्ट), शिकताना पहिल्या वर्षी हे बहुतेकांचं होतं. फौजदारी कायद्याला संहिता आहे. कलम काढून समोर ठेवता येतं. अपकृत्यांचा कायदा मात्र मुख्यतः न्यायाधीशांनी एकेका खटल्यातून घडवला. म्हणून त्याचं तत्त्व त्या खटल्याच्या हकिकतीला चिकटलेलं असतं. हकिकत सोडून नुसतं तत्त्व उचललंस तर ते हाताला लागत नाही.

मुळात प्रश्न एकच आहे. कुणाचं तरी नुकसान होऊन गेलं आहे. ते ज्याच्या पदरात पडलं त्याच्याच पदरात राहू द्यायचं, की ज्याच्या वागण्यातून झालं त्याला भरून द्यायला लावायचं? काळजी घेण्याचं कर्तव्य होतं का, ते मोडलं का, त्यातूनच नुकसान झालं का, ते फार दूरचं तर नाही ना, हे सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर जबाबदारीने देता यावं म्हणून विचारायचं.

डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला तू वाचलाच असशील. वाचलास, की गाइडमधल्या चार ओळी पाहिल्यास? १९२८च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या पेझलीत एका बाईने जिंजर बिअर प्यायली, आणि उरलेली ग्लासात ओतताना बाटलीतून कुजलेली गोगलगाय पडली, असं तिचं म्हणणं. बाटली तिने स्वतः विकत घेतलेली नव्हती, सोबतच्या व्यक्तीने घेऊन दिली होती. म्हणजे ज्या उत्पादकावर तिने दावा केला त्याच्याशीच काय, तिचा कुणाशीच करार नव्हता. बाटली गडद काचेची होती, त्यामुळे आत काय आहे ते ना दुकानदाराला दिसत होतं ना गिऱ्हाइकाला. या दोन तपशिलांवर सगळा निकाल उभा आहे. आता काच पारदर्शक कर. मधल्या कुणाला तपासून पाहण्याची संधी मिळाली असती, तर उत्पादकाची जबाबदारी तशीच राहिली असती का? यावर अर्धं पान लिहून बघ, ‘शेजारी तत्त्व’ (आपल्या कृतीची झळ ज्यांना पोचू शकते ते आपले शेजारी, त्यांची वाजवी काळजी घ्यायची) पाठ करायची गरज उरणार नाही.

आणखी एक. गोगलगाय खरोखर होती की नाही, हे न्यायालयात कधी सिद्ध झालंच नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, मुद्दा एवढाच होता, की तिचं म्हणणं खरं धरलं तर कायद्यात तिला दाद आहे का. १९३२मध्ये ती मिळाली, पण तीन विरुद्ध दोन मतांनी. लॉर्ड ऍटकिन यांचं मत सगळेच वाचतात. तू लॉर्ड बकमास्टर यांचं विरोधी मतही वाच. एक पाऊल पुढे टाकायचं तर मग पन्नास का नकोत, अशी त्यांची धास्ती होती. ती चुकीची नव्हती. पुढची कित्येक दशकं न्यायालयं हेच ठरवत आली, की कुठे थांबायचं.

क्रिकेटचे दोन खटले शेजारी ठेवून वाच. बोल्टन विरुद्ध स्टोन, १९५१: मैदानाबाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईंना चेंडू लागला. सुमारे तीस वर्षांत चेंडू असा बाहेर गेला होता तो फार तर सहा वेळा. बाई हरल्या, धोका इतका लहान होता, की त्यासाठी खेळ थांबवला नाही म्हणून क्लबला दोषी धरता आलं नाही. मिलर विरुद्ध जॅक्सन, १९७७: मैदानालगतच्या घरांवर चेंडू वरचेवर येत होते. इथे क्लब जबाबदार ठरला, पण खेळ बंद करण्याचा मनाई हुकूम काही मिळाला नाही, भरपाईवर भागवलं गेलं. खेळ तोच, चेंडू तोच. बदलली ती शक्यता. ‘वाजवी काळजी’ म्हणजे काय ते मला तरी याहून नेमकं दुसरीकडे सापडलेलं नाही.

कार्यकारणभावाकडे विद्यार्थी घाईने बघतात, आणि मार्क जातात ते नेमके तिथेच. बार्नेटचा खटला घे. तीन पहारेकरी चहा पिऊन उलट्या करत रुग्णालयात आले. डॉक्टरांनी त्यांना तपासलं नाही; घरी जा, आपल्या डॉक्टरांना बोलवा, असा निरोप दिला. त्यांतला एक काही तासांत गेला. चहात आर्सेनिक होतं. कर्तव्य होतं, ते मोडलंही होतं. तरी त्याची विधवा हरली, कारण तपासलं असतं तरी उपचार वेळेत लागू पडले नसते, असं पुराव्यातून दिसलं. हे वाचताना मनाला लागलं तर लागू दे. न्यायालयाने हयगय माफ केली, असं मात्र उत्तरात लिहू नकोस. हयगय होतीच; पण मृत्यू त्या हयगयीमुळे झाला, हे सिद्ध झालं नाही.

रायलंड्स विरुद्ध फ्लेचर तुला जमेल, तलावाचं पाणी खाणीत शिरलं आणि स्वतःची हयगय नसतानाही तलावाचा मालक जबाबदार ठरला, ती गोष्ट सोपी आहे. फक्त ती १८६८वर सोडू नकोस, तिथून थेट आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६च्या निकालाकडे ये. भोपाळला जेमतेम वर्ष झालेलं असताना दिल्लीत ओलियम वायू गळला, आणि सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने सांगितलं, की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला जबाबदारीतून सुटण्याचे रायलंड्सच्या नियमातले अपवाद मिळणार नाहीत. शिवाय भरपाई उद्योगाच्या ऐपतीशी जोडली. हे दुसरं वाक्य का आलं असेल, यावर विचार कर.

उत्तर लिहिताना येतं ते सगळं ओतू नकोस. दिलेल्या हकिकतीत वाद कुठे आहे तो हेर, बाकीचं दोन वाक्यांत उरक, आणि सगळी ताकद त्या वादावर लाव. दोन्ही बाजू मांडल्यावर स्वतःचं मत दे. ‘परिस्थितीवर अवलंबून’ म्हणून सोडून देऊ नकोस.

पुढच्या पत्रासोबत बार्नेटच्या विधवेच्या बाजूने युक्तिवाद लिहून पाठव. निकाल तिच्या विरुद्ध आहे, म्हणूनच तिची बाजू मागतो आहे. दोन पानं पुरेत.

कळावे, लोभ असावा.