गळ्यातली झोळी आधी काढा, मास्तर

प्रश्न : मी एस.टी.त कंडक्टर आहे, वय ५२. पाच महिन्यांपासून उजवा खांदा दुखतोय. घंटीच्या दोरीकडे हात नेला की अर्ध्यावर कळ येते, त्याच्या वर गेला की कमी होते. त्या कुशीवर झोपता येत नाही, शर्टाची बाही चढवताना जीव जातो. पडलो वगैरे नाही. एमआरआयमध्ये ‘सुप्रास्पायनेटस पार्शल टेअर’ आलंय. फाटलंय म्हटल्यावर घाबरून हात झोळीत बांधून ठेवलाय. ऑपरेशन करावंच लागेल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : बहुधा नाही. पण झोळी आजच काढा. न वापरलेला खांदा आखडतो आणि दुबळाही होतो, मग दुखणं दुप्पट.

‘टेअर’ या शब्दाने माणसं फार हबकतात. साठी ओलांडलेल्या, खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या कितीतरी जणांच्या एमआरआयमध्येही असं थोडं उसवलेलं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दिसतं. खांद्याची खोबण उथळ असते. त्यातला गोळा जागेवर धरून ठेवायचं काम चार छोटे स्नायू करतात, तोच रोटेटर कफ. हात साधारण ६० ते १२० अंशांत असताना यातल्या वरच्या टेंडनवर, म्हणजे तुमच्या रिपोर्टातल्या सुप्रास्पायनेटसवर, दाब येतो. तुमची अर्ध्यावरची कळ तीच.

एक गोष्ट घरीच बघा. उताणे पडा, कोपर अंगाशी ठेवून काटकोनात वाकवा, हात ढिला सोडा आणि मुलाला पंजा हळूच बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. डाव्या हाताइतका वळला तर ठीक. मध्येच अडकला तर फ्रोजन शोल्डरची, म्हणजे सांधाच आखडल्याची, शंका घ्यायची, आणि मग रक्तातली साखरही तपासायची.

आता व्यायाम. पहिले दोन आठवडे भिंतीशेजारी उभं राहून, कोपर वाकवून, पंजाच्या मागच्या बाजूने भिंत दाबायची. ३० सेकंद, पाच वेळा. हात हलत नाही, तरी स्नायू कामाला लागतो. मग सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधा. कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये टॉवेलची गुंडाळी धरा आणि ट्यूब बाहेर ओढा. परत येताना चार अंक मोजा. सगळे इथेच घाई करतात. गुंडाळी खाली पडली म्हणजे कोपर सुटलं, ती खेप मोजायची नाही. १०-१२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड.

थोडं दुखेल. दहापैकी तीन-चार चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमायला हवं. नाही शमलं तर फेरी कमी करा, बंद करू नका. बारा आठवडे धरून चला. दहा दिवस नुसतं मशीन लावून घरी पाठवत असतील तर ‘व्यायाम कधी?’ असं स्पष्ट विचारा. शेकाने बरं वाटतं, ताकद येत नाही. इंजेक्शननेही काही आठवडे दुखणं दबतं, एवढंच.

तोवर घंटी डाव्या हाताने. झोपताना उजव्या हाताखाली उशी घ्या.

मात्र गाडीच्या हिसक्याने हातावर पडलात आणि हात वर उचललाच जाईना, तर ट्यूब बाजूला ठेवून त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. तिथे थांबण्यात नुकसान आहे.

सहा आठवड्यांनी पत्र टाका. किती दुखतंय ते नको, रात्री किती वेळा जाग येते ते लिहा.