राजीनाम्यावर सही करू नका

प्रश्न : वर्धा जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत सहा वर्षांपासून रिंग फ्रेमवर (सूत कातायच्या मशीनवर) आहे. मशीन तीच, सुपरवायझर गिरणीचाच, ठेकेदार मात्र तिसरा. आता चौथा येणार म्हणून जुन्याच्या नावे राजीनामा मागतात, नाहीतर काम बंद. दोन ठेकेदारांकडे ४८-४८ माणसं आहेत, म्हणून कायदा लागत नाही म्हणतात. मी गिरणीची कामगार ठरू शकते का?

उत्तर : ताई, राजीनामा देऊ नका. तो दिला की काम तुम्हीच सोडलं असं होतं. मग कामावरून कमी केल्यास मिळणारी महिन्याची नोटीस आणि प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार, दोन्ही मागणं अवघड होऊन बसतं.

४८ चं गणित मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. किती कंत्राटी कामगार असले की कायदा लागतो, ती मर्यादा १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात २० होती. महाराष्ट्राने ती ५० केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही (त्या कायद्याच्या जागी आलेल्या कायद्यातही) ५० च आहे. त्यामुळे ठेकेदार पन्नाशीच्या आत थांबतात आणि एकच काम दोन-तीन नावांत वाटलं जातं. माणसं तेवढीच लागतात, नोकरी मात्र तुकड्या-तुकड्यांची होते. पण गिरणीची मोजणी सगळे ठेकेदार मिळून होते. ४८ आणि ४८ म्हणजे ९६, म्हणजे गिरणीला कायदा लागतो. शिवाय सूत काढणं हेच गिरणीचं मुख्य काम, आणि मुख्य कामात कंत्राटी माणसं ठेवायला नव्या संहितेत मनाई आहे. काही अपवाद आहेत. गाठी चढवणारे-उतरवणारे हमाल सहसा त्यात जातात, तुमचं काम तसं नाही.

तरी तुम्ही आपोआप कायम झालात असं मी सांगणार नाही. स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती वाट बंद केली. कंत्राट निव्वळ कागदावरचं होतं, हे औद्योगिक न्यायाधिकरणापुढे (कामगारांचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयापुढे) सिद्ध करावं लागेल. हजेरी कोण घेतं, रजा कोण देतं, पाळी कोण लावतं, हे तिथे पाहिलं जातं. गेट पास, पाळीचे कागद, पगाराच्या नोंदी जपा. पीएफचं पासबुक काढा. ठेकेदार बदलूनही काम सलग राहिलं, हे त्यातून दाखवता येईल. थकलेला पगार ठेकेदाराने बुडवला तर तो गिरणीला द्यावा लागतो.

कापूस वेचणी संपली की गावात दुसरं काम नसतं, म्हणून भीती वाटणं साहजिक आहे. एकट्या जाऊ नका. चार-पाच जणी मिळून जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. काम बंद केलंच, तर दोन वर्षांच्या आत दाद मागा. वकिलाच्या फीची चिंता नको. महिलांना आणि औद्योगिक कामगारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.