जावेचा फ्लॅट आणि माझी उपकारस्तुती

प्रश्न : ताई, आम्ही पिंपरीत भाड्याच्या वन आरकेत राहतो, मिस्टरांचा जॉब कॉन्ट्रॅक्टवर, दोन मुलं. मागच्या महिन्यात जाऊबाईंनी टू बीएचके घेतला आणि चर्चमध्ये साक्ष दिली, म्हणजे देवाने कसं घर दिलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या पण आतून जळत होते. सासूबाई म्हणतात, ज्यांचं आपल्यापेक्षा वाईट चाललंय त्यांच्याकडे बघ आणि उपकारस्तुती कर, म्हणजे देवाचे आभार मान. करून बघितलं, नाही जमत. रविवारी त्यांच्याकडे घर समर्पणाची प्रार्थना आहे. जाऊ का नको? — एक भगिनी

उत्तर : सासूबाईंचा हेतू चांगलाच असणार, पण हा उपाय मला कधी पटलेला नाही. बायबलमध्ये लूकच्या १८व्या अध्यायातला तो परुशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, आठवतो ना, मंदिरात उभा राहून म्हणतो की देवा मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार. म्हणजे आभारच मानतोय की! आणि येशू सांगतो, नीतिमान ठरून घरी गेला तो मागे उभा असलेला जकातदार, ज्याला सगळे पापी समजायचे. दुसऱ्याचं वाईट बघून आलेलं समाधान तिसऱ्याचा फ्लॅट दिसला की संपतं, तुमचं तेच झालंय.

त्यापेक्षा योहानाचा ६वा अध्याय काढा. एका पोराकडच्या जवाच्या पाच भाकरी, म्हणजे गरिबाघरचं खाणं, आणि दोन मासळ्या, समोर पाच हजार पुरुष, आणि येशूचा शिष्य अंद्रिया म्हणतोय की एवढ्यांना हे कसं पुरणार. बरोबरच बोलत होता तो. येशूने हातात घेऊन आभार मानले तेव्हा भाकरी पाचच होत्या, पुरल्या त्या नंतर. त्यामुळे मला सगळं भरपूर आहे असं देवाला खोटं सांगायची काही गरज नाही, कमी पडतंय ते पडतंयच. १३वं स्तोत्र तर सुरूच होतं ‘कुठवर’ असं विचारून.

आमचा पगार पंधरा तारखेला संपायचा त्या दिवसांत मी रात्री आभार मानताना एकेका गोष्टीचं नुसतं नाव घ्यायचे, उरलेली वाटीभर आमटी, सातपर्यंत टिकलेलं नळाचं पाणी, धाकट्याचा उतरलेला ताप, असं. ‘तू दिलेल्या सर्व आशीर्वादांबद्दल’ हे ठोक वाक्य मुद्दाम टाळायचे. आणि त्याच प्रार्थनेत भाडं कुठून भरू हेपण विचारायचे, कधी कधी जरा चिडूनच. लगेच जमलं असं नाही हं. येशूचा संदेश पसरवणारा पौलसुद्धा कैदेतून फिलिप्पैकरांना लिहितो की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी ‘शिकलो’, आणि त्याच पत्रात त्यांनी पाठवलेल्या मदतीची पोचही देतो.

रविवारी जा. ‘खूप आनंद झाला’ वगैरे नाही आलं तोंडातून तर राहू दे. तासभर आधी जाऊन जावेच्या किचनमध्ये कांदे चिरायला बसा, एवढ्या माणसांचा पुलाव म्हणजे तिचीपण धांदल असणार, आणि रडू आलंच तर कांद्यावर ढकलता येईल.